चौथी ओळ

दोर ताठ झाला तसा खारूनं गाठीवरचा हात काढला आणि अडवून धरलेला श्वास सोडला. तिचा बाप गच्चीच्या कठड्यापलीकडे उतरला होता. फळीवर बसलेला, कमरेला पट्टा, एका बाजूला बादली, दुसऱ्या बाजूला रबरी पुसणी, आणि हा सगळा भार तिनं बांधलेल्या एका गाठीवर. लहानपणी कपाटांवर चढून बसायची म्हणून तिचं नाव खारू पडलं, ते अजून सुटलेलं नाही. पण आजपासून घराण्याची ‘बांधणारी’ तीच होती.

“बसली बघा गाठ, तात्या,” ती म्हणाली.

तिचे आजोबा उपड्या बादलीवर बसले होते, खांबाकडे पाठ करून. एरवी हा माणूस गच्चीवर आला की खांबाला खेटून बसायचा. आज तोंड पाण्याच्या टाकीकडे. रुसलेलं पोर भिंतीकडे तोंड करून बसतं तसं.

“तात्या, हात ठेवा ना गाठीवर. तेवढंच राहिलंय.”

“काल सांगितलं तेच. उतरणी पुरी म्हटली नाही, त्या गाठीला माझा हात लागणार नाही.”

कालचं भांडण शेजारच्या तीन घरांनी तरी ऐकलं असेल. या घराण्याचं काम उंच इमारतींच्या काचा धुण्याचं, खारूच्या पणजोबांपासून. हल्ली यंत्रं आली, पाळणे आले, पण जुन्या इमारतींच्या गच्चीवर यंत्र बसवायला जागा नसते, तिथं अजून यांनाच बोलावतात. पद्धतही यांची जुनी. बाकीचे लोक दोन दोर दोन ठिकाणी बांधतात. इथं दोन्ही दोर एकाच खांबाला, एकाच गाठीत. एक माणूस, एक गाठ. आणि ती मुक्यानं बांधायची नाही, ‘उतरणी’ म्हणत बांधायची. पणजोबांनी कधीतरी देवाला उद्देशून जुळवलेल्या चार ओळी:

दोर माझा, धीर तुझा.
पाय माझा, पायरी तुझी.
गाठ माझी, राखण तुझी.
माणूस तुझं, तूच सांभाळ.

उतरणारा बांधणाऱ्याकडे पाठ करून उभा राहतो. त्यानं गाठ बघायची नाही. बघितली म्हणजे विश्वास नाही. त्यानं फक्त चार ओळी ऐकायच्या आणि पाय टाकायचा. मग घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसानं गाठीवर हात ठेवायचा, तो काम संपेपर्यंत. असं सगळं ठरलेलं. आणि काल रात्रीच्या जेवणाला खारूनं घास ठेवला आणि म्हणाली, चौथी ओळ मी म्हणणार नाही.

“तिन्ही मला चालतात. पण माणूस त्याचं कसं? माझा बाप आहे. मी बांधणार, मी सांभाळणार. उद्या काही झालं तर त्याच्यावर ढकलून मोकळी होऊ का मी?”

“देव तारी त्याला कोण मारी,” तात्या म्हणाले.

“आणि आपला हात जगन्नाथ, हेही तुम्हीच म्हणता.”

“ही तुझ्या आत्याची शिकवण,” तात्या ताट सरकवत म्हणाले, आणि मग जे व्हायचं ते झालं. शेवटी दादानं, म्हणजे खारूच्या बापानं, तोड काढली. पोरगी तीन म्हणेल. चौथी ज्याला म्हणायची त्यानं मनात म्हणावी. घरात दोन दिवस अबोला नको, एवढाच त्याचा हिशेब. भल्या माणसाची तडजोड अशीच असते. तिच्यात काय राहून गेलं ते कुणी बघत नाही.

सरावाच्या वेळी खारूनं नेहमी चारही म्हटल्या होत्या, मनाविरुद्ध, वर्षानुवर्षं. आज पहिल्यांदा तिनं जे पटतं तेवढंच म्हटलं. तिसऱ्या ओळीनंतर तोंड मिटलं तेव्हा तिला इतकं हलकं वाटलं, की वारा सुटलाय हेही तिला नंतर जाणवलं.

*

आत्या जिन्याच्या तोंडाशी थर्मास घेऊन बसली होती. तात्यांची ही धाकटी मुलगी, दादाची बहीण. तिचं एकटीचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि काम लोकांचे आखडलेले हातपाय पुन्हा चालते करायचं, फिजिओथेरपिस्टचं. खारूएवढी असताना तीही अशीच एका गच्चीवर उभी राहिली होती आणि म्हणाली होती, मला हे पटत नाही, मी यातलं काहीच म्हणणार नाही. तात्यांनी सगळ्यांदेखत तिच्या हातातून दोर काढून घेतला होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं सुंभही शाबूत होता आणि पीळही, दोन्हीकडचा. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं दुसऱ्यामार्फत, आणि भावाशी ‘कशी आहेस’, ‘बरी’ एवढंच. आज ती आली ती खारूनं गळ घातली म्हणून.

“चहा घेतेस?” तिनं विचारलं.

“नको. बाबा उतरले की घेते.”

“पहिल्या दिवशी असंच होतं. तुझ्या बापाला तर—” आत्या बोलता बोलता थांबली.

खाली दादानं फळीच्या कड्यांतून दोर सोडला होता आणि तो थोडा खाली सरकला होता. तो सरकला की वर दोराला हिसका बसतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक. पण हिसक्याबरोबर गाठीतून बाहेर आलेलं दोराचं टोकही हललं. याला घरात शेपूट म्हणतात. मघाशी हे शेपूट खांबाच्या पायथ्याशी पडलं होतं, गंजाच्या डागावर. आता ते डागाला पोचत नव्हतं.

देवाला सोडून आत्याला कैक वर्षं झाली होती. पण रद्दीचा गठ्ठा बांधताना तिच्या तोंडून अजून उतरणी निघायची. हे तिनं एकाही जिवंत माणसाला सांगितलं नव्हतं. आताही तिनं थर्मासच्या झाकणाभोवती बोट फिरवलं. पहिली ओळ, खांबाभोवती वेढे. दुसरी, आडवा पेच. तिसरी, पेचातून आत. चौथी ओळ आली आणि तिचा अंगठा आपसूक वळून खालून बाहेर आला. शेवटचा वेढा. ज्यानं गाठ बंद होते. कुलूप.

तिनं गाठीवर कुलूप शोधलं. नव्हतं.

“खारू,” ती अगदी हळू म्हणाली, “कुलूप कुठाय?”

“कसलं?”

“गाठीचं.”

“घातलं की.” खारू हसत उठली. गाठीजवळ वाकली. मग तिचं हसू कुठं गेलं कळलं नाही. “घातलं ना मी... घातलंच असणार. मी नेहमी...” तिनं स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं, जणू तो परक्याचा होता.

“तोंड थांबलं तिथं हात थांबला,” आत्या म्हणाली. तिच्याकडे असे पेशंट यायचे. शिडीवर पाय टाकताना मनात आकडे मोजायची सवय, आकडा चुकला की पाय अडायचा. हाताला जे शब्दांबरोबर शिकवलं, ते शब्दांशिवाय येईलच असं नाही. हे तिला माहीत होतं. कालही माहीत होतं. काल कुणी तिला विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी ती म्हणाली असती, शाब्बास पोरी, नको म्हणूस.

पुन्हा हिसका बसला. शेपूट बोटभर आत गेलं.

*

तात्या वळले होते. दोघींचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. डोळ्यांनी आताशा त्यांना लांबचं दिसत नसे, पण बोटांनी सगळं दिसायचं. उठून खांबाशी येईपर्यंत त्यांना धाप लागली. त्यांनी गाठीवर हात ठेवला आणि लगेच उचलला, पोळल्यासारखा.

नुसता हात ठेवायचा होता. तेवढंच त्यांचं काम होतं. मघाशी ठेवला असता तर दादा कठड्याच्या अलीकडे असतानाच कळलं असतं, आणि पोरीला दोन शब्द बोलून मोकळे झाले असते. तो राखतो, तो राखतो म्हणून आयुष्यभर छाती ठोकून सांगितलं, आणि राखायच्या वेळेला आपला हात मांडीवर घेऊन बसलो. तात्यांना भीती वाटली. उंचीची त्यांना कधी वाटली नव्हती. ही वेगळी होती. वर बसलेला काय म्हणत असेल याची होती.

“खुणेचे हिसके देते,” खारू दोराकडे झेपावली. “तीन म्हणजे थांब, बाबांना कळेल—”

“हात लावू नको!” मग आवाज खाली आणून तात्या म्हणाले, “अगं, हिसका खालून बसला काय नि वरून बसला काय. धरून राहिलंय तेवढंही सुटेल.”

“फोन...”

“त्याचा फोन त्याच्या डगल्यात. डगला तो काय, तिथं.” उतरणाऱ्यानं फोन वर ठेवायचा, हाही यांचाच नियम. लोंबकळताना खिशात वाजला तर हात सुटतो म्हणून.

“मग आत्ता घालू कुलूप?”

“हातभर शेपूट लागतं त्याला. उरलंय वीतभर. दोर सैल झाल्याशिवाय मागे घेता यायचं नाही. त्याचा भार निघाला पाहिजे.”

“गाडीत जादा दोर आहे, मी पळत—”

“आणि तू वर येईपर्यंत तुझा बाप स्वस्थ बसणार आहे?” तात्यांचा आवाज चिरकला. “तो काम करतोय. दर काचेला खाली सरकतोय.”

आत्या कठड्यावरून वाकून बघत होती. खूप खाली भावाचं डोकं, पिवळं हेल्मेट, पाठीवर फुगलेला शर्ट. तिनं हाक मारली. वाऱ्यानं हाक बाजूच्या इमारतीकडे नेली.

“मी जाते,” ती म्हणाली. “आतून. काचेपाशी. प्रत्येक मजल्याला बाहेरून सज्ज्याची पट्टी आहे, पाऊल मावेल एवढी. त्याला तिच्यावर उभं राहायला सांगते.”

“तुझं ऐकेल तो?” तात्यांनी विचारलं. थेट तिला. किती वर्षांनी, ते दोघांपैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

“ऐकायला कुठं येणारे त्याला? मधे काच आहे.” आणि ती जिन्याकडे धावली.

तात्यांनी खारूला खांबाशी बसवलं. “शेपूट धर. ओढायचं नाही. नुसतं चिमटीत धर.”

“म्हणजे घसरणार नाही?”

“घसरेल. पण आपल्याला कळेल.”

खारूनं धरलं. मग तिला दोरातून सगळं कळायला लागलं. बाबांनी बादलीत पुसणी बुडवली, ते कळलं. हात लांब केला, ते कळलं. एकदा तर तिला वाटलं, ते गुणगुणताहेत तेही कळतंय. कामात असताना ते गुणगुणायचे.

*

खाली पदपथावर वहिनी उभी होती. दादाची बायको, खारूची आई. वर माणूस असला की खाली रस्ता अडवून उभं राहायचं हे तिचं काम. लाल पट्टी बांधायची, लोकांना वळसा घालायला लावायचा.

“बाई, माझं ऑफिस इथंच समोर आहे,” एक गृहस्थ पट्टीखालून वाकू लागला.

“मग वळसा घाला. वर माणूस आहे माझं.”

“दोन पावलं तर आहेत.”

“डोक्यात बादली पडायला अर्धं पाऊल पुरतं.”

तो कुरकुरत गेला. वहिनीनं वर बघितलं नाही. ती कधीच बघत नसे. लग्न होऊन आली त्या वर्षी एकदा बघितलं होतं, आणि नेमका त्याच क्षणी नवऱ्याचा पाय काचेवरून घसरला होता. काही झालं नाही, पण तेव्हापासून तिनं मनाशी ठरवलं: मी वर बघितलं नाही की हे खाली येतात. सासऱ्यांचा देव त्यांच्यापाशी, नणंदेचा हट्ट तिच्यापाशी, आणि वहिनीची ही एवढीशी गोष्ट तिच्यापाशी. घरात कुणाला माहीत नव्हती. तिला वरचं कळायचं ते खाली पडणाऱ्या थेंबांवरून. साबणाचे थेंब पडताहेत, म्हणजे हात चालू आहे. हात चालू आहे, म्हणजे सगळं ठीक आहे.

थेंब पडायचे थांबले.

काच बदलत असतील, तिनं स्वतःला सांगितलं. पाणी संपलं असेल. पट्टीचं टोक तिनं मुठीत धरलं, घट्ट. समोरच्या दुकानातला माणूस दारात आला आणि वर बघायला लागला. मग आणखी एक बाई थांबली. तीही वर बघायला लागली.

तिनं वर बघितलं.

*

लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत होती. एकजण फायलींचा ढीग घेऊन शिरला, दुसऱ्यानं दार अडवून तिसऱ्याची वाट बघितली. शेवटी आत्या अंदाजानं एका मजल्यावर उतरली आणि समोरच्या कचेरीत घुसली.

“मॅडम, कोणाला भेटायचंय?” टेबलामागची मुलगी उभी राहिली.

“भावाला. काचेबाहेर आहे.”

मुलगी बघतच राहिली. आत्या टेबलांमधून काचेपाशी पोचली. बाहेर कुणी नव्हतं. नुसतं आकाश, आणि काचेवरून ओघळणारं साबणाचं पाणी. ते वरून येत होतं. म्हणजे तो अजून वर होता. म्हणजे तो इथं यायला हवा, आणि इथं यायला त्याला दोर सोडावा लागणार, आणि तो हिसका... तिला वाटलं, नको येऊस. मग वाटलं, लवकर ये. दोन्ही एकदम वाटलं आणि तिनं काचेवर तळवे टेकले.

बूट दिसले. मग गुडघे. मग फळी, आणि दादा.

दादानं तिला पाहिलं तेव्हा पहिल्यांदा त्याच्या मनात आलं, तात्या गेले. आत्या अशी धावत कुठं यायची ती कुणी गेल्यावरच. तिचं तोंड हलत होतं. त्यानं मान हलवली, ऐकू येत नाही. तेव्हा तिनं हात वर केला, आणि हवेत जणू खांब आहे अशी तिची बोटं फिरली. ओठ सावकाश हलले. दोर माझा, धीर तुझा. ते त्याला ऐकू यायची गरज नव्हती. जन्मभर ऐकलेलं होतं. दुसरी ओळ, आडवा पेच. तिसरी, पेचातून आत. मग तिनं ओठ मिटले, हात तसाच अर्धवट ठेवला, आणि वर बोट केलं.

आधी त्याला वाटलं, पुन्हा तेच भांडण. ही बया इथंपर्यंत आली त्यासाठी? मग त्यानं तिच्या हाताकडे पाहिलं. अंगठा वळला नव्हता. कुलपाची जागा रिकामी होती.

तीन ओळींवर थांबायची तोड त्याचीच. पाठमोरा उभा होता, तिसऱ्या ओळीनंतर शांतता ऐकली होती, आणि तीन तर तीन म्हणून पाय टाकला होता. तो आत्तापर्यंत आपण किती वेळा सरकलो ते आठवायला लागला, आणि लगेच तो विचार सोडून दिला.

आत्या खाली बोट दाखवत होती. पट्टी. त्यानं काचेला चिकटणारी रबरी मूठ लावली, दाबून बघितली, आणि श्वास रोखून आधी एक पाऊल, मग दुसरं पट्टीवर ठेवलं. फळी त्याच्या मागे हलकी झाली. आता तो कशावरही बसलेला नव्हता. पावलाएवढं सिमेंट, हातात रबर, आणि पाठीशी सगळा वारा. काचेपलीकडे चार बोटांवर बहिणीचा चेहरा होता.

“उभा राहिलाय,” आत्या फोनवर म्हणाली. “बांध, खारू. आत्ता.”

*

दोर सैल झाला तशी खारूनं शेपूट मागे खेचलं. हातभर आलं. आणि तिचा हात तिथंच थांबला.

“तात्या, वरून घेऊ की खालून?”

“ओळ म्हण. हाताला माहीतंय.”

कालचा हट्ट कधीच गळून पडला होता. या घटकेला तिनं चार काय चाळीस ओळी म्हटल्या असत्या. तिनं तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. तात्यांनी स्वतः शेपूट घ्यायला हात पुढं केला. तो इतका थरथरत होता की दोर बोटांत राहीना.

मग त्यांनी आपला हात तिच्या मनगटावर ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, “माणूस तुझं, तूच सांभाळ.”

खारूचा अंगठा वळला. दोर खालून आला, वळला, आत गेला. तिनं पाय खांबाला टेकून ओढला, पुन्हा ओढला. तात्यांनी चाचपलं. एकदा, दोनदा.

“बसलं,” ते म्हणाले, आणि हात गाठीवरच ठेवला.

“झालं, आत्या,” खारू फोनमध्ये रडत म्हणाली. “सांग बाबांना. बसा म्हणावं.”

*

आत्यानं खूण केली. झालं. बस.

दादा बसला नाही.

तो तिच्याकडे बघत होता. मग मुठीवरच्या हाताची बोटं न सोडता त्यानं दुसऱ्या हाताची चार बोटं दाखवली. चौथी?

“खारू, चौथी तू म्हटलीस का?” आत्यानं फोनवर विचारलं. “तो विचारतोय.”

“मी नाही. मला आवाजच आला नाही. तात्यांनी म्हटली. पण हात माझा होता. कुलूप पक्कं आहे, आत्या, देवाशपथ—” आणि तिनं जीभ चावली.

हे आता काचेतून कसं सांगायचं? आत्यानं अंगठा दाखवला, मान डोलावली, हात जोडले. दादाच्या डोळ्यांत तिला दिसलं की तो हट्टानं उभा नाही. तो घाबरलाय. आयुष्यात एकदाच तो तीन ओळींवर उतरला होता आणि आज हे झालं होतं. आता चार ऐकल्याशिवाय पट्टीवरचे पाय सुटतच नव्हते. त्याची पोटरी थडथडायला लागली होती. अशी थडथड आत्या रोज बघायची. ती सुरू झाली की पाय फार वेळ टिकत नाही.

जे पटत नाही ते बोलायचं नाही. यापायी तिनं दोर सोडला होता, बाप सोडला होता, सणासुदीला रिकामं घर पत्करलं होतं, आणि त्याचा तिला अभिमान होता. तो अभिमान खोटा नव्हता. आजही नव्हता.

तिनं फोन खांद्याशी धरला, काचेच्या इतकी जवळ गेली की तिच्या श्वासाचा डाग पडला, आणि हात वर केला. पुन्हा पहिल्यापासून. दोर माझा, धीर तुझा. पाय माझा, पायरी तुझी. कचेरीतले लोक खुर्च्या सोडून उभे राहिले होते. गाठ माझी, राखण तुझी. दादाचे डोळे तिच्या ओठांवर होते.

“माणूस तुझं,” आत्या म्हणाली. “तूच सांभाळ.” आणि तिचा अंगठा वळला.

दादानं डोळे मिटले आणि फळीवर भार टाकला.

*

वर दोर कडकन ताठ झाला. गाठ हलली नाही. शेपूट होतं तिथंच राहिलं.

फोन खारूच्या मांडीवर होता, चालूच. त्यातून आता नुसता कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता.

“मघाशी फोनवर कोण म्हणत होतं?” तात्यांनी विचारलं.

“आत्या.”

“सगळी म्हटली?”

“सगळी.”

तात्यांनी पुन्हा एकदा कुलूप चाचपलं. हात गाठीवर तसाच. मग म्हणाले, “ती वर आली की तिला म्हणावं, पलीकडच्या भिंतीचा दोर तू बांध.”

“ती चौथी म्हणणार नाही, तात्या.” खारूनं डोळे पुसले. खोटं तिला आत्ताही बोलवेना. “आत्ताची तिनं देवासाठी नाही म्हटली. बाबांसाठी म्हटली.”

“मग मी इतकी वर्षं कुणासाठी म्हणत होतो?” तात्या म्हणाले.

खाली दादा सरकला, दोराला हिसका बसला, आणि दोघांनी एकदम गाठीकडे पाहिलं. मग दोघंही तिथंच बघत बसली, पापणी न लवता, ‘हे उतरले’ म्हणून खालून वहिनीचा फोन येईपर्यंत.